बहात्तर स्प्रिंगांची प्रदक्षिणा

माझे वडील नर्मदेची परिक्रमा पायी करून आले, तेव्हा त्यांनी ती हकीकत आम्हा घरच्यांना महिनाभर रोज संध्याकाळी सांगितली. जो गेला त्याने न गेलेल्यांना सांगावे, हे प्रवाशावरचे ऋण आहे, असे ते म्हणत. त्यामुळे प्रवासवर्णन लिहिण्याचा अधिकार लांब जाऊन आलेल्याचाच, अशी माझी समजूत झाली आणि एकाहत्तराव्या वर्षापर्यंत मी या वाटेला गेलो नाही. प्रस्तुत प्रवास पंचवटी ते इगतपुरी आणि परत, एवढाच आहे. तरीही लिहितो, कारण मी तेथून जी वस्तू घरी आणली ती पंचवटीतल्या कोणा याज्ञिकाच्या परसात याआधी आली असेल असे वाटत नाही. आणि ती कशासाठी आणली हे मी वाटेत ज्यांना ज्यांना सांगितले, त्यांना खरे सांगितले नव्हते.

वस्तूचे नाव ट्रॅम्पोलिन. लोखंडी नळ्यांचे एक मोठे गोल कडे असते, कमरेपेक्षा थोडे खाली येईल अशा पायांवर उभे केलेले. त्या कड्यात स्प्रिंगांनी चहूबाजूंनी ताणून एक काळे जाड कापड बसवतात, भोवती पडू नये म्हणून जाळी लावतात आणि त्या कापडावर उड्या मारतात. दुसरा काही उपयोग नाही.

इगतपुरीचे माझे जुने यजमान सबनीस यांच्या बंगल्यामागे ते होते. सबनीस रेल्वेतून अभियंता म्हणून निवृत्त झाले. गेल्या वर्षी वैशाखात त्यांच्या नातवाची मुंज मी लावली. जेवणे झाल्यावर मुले त्या कापडावर उड्या मारीत होती आणि आम्ही मोठी माणसे खुर्च्यांवर बसून पाहत होतो. माझी पत्नी मालती जाळीला हात लावून बराच वेळ उभी होती. मग माझ्याकडे वळून तिने हळूच विचारले, "मी एकदा चढून बघू का?" मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "हे काय वय आहे? लोक हसतील." लोक हसलेच, पण ते माझ्या बोलण्याला. तीही हसली आणि विडे लावायला आत गेली.

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने स्वतःसाठी मागितलेल्या गोष्टी मी आठवू लागलो, तेव्हा ही एकच आठवली. धर्मशास्त्रात एकांतातल्या दोषाला एकांतातले प्रायश्चित्त चालते. चारचौघांत घडलेल्या दोषाला ते पुरत नाही. हे मी लोकांना शिकवीत आलो आहे. म्हणून या कार्तिकात सबनीसांचा फोन आला की आम्ही मुलीकडे कायमचे जात आहोत, बंगला आवरतो आहोत, ते ट्रॅम्पोलिन कोणाला हवे असेल तर सांगा, तेव्हा मी म्हणालो, मलाच हवे आहे. त्यांनी विचारले, "नातवंडांसाठी का, शास्त्रीजी?" आणि माझ्या तोंडून "हो" गेले. आमचा एकुलता नातू पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

मालतीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बरं. परसातली कपड्यांची दोरी काढावी लागेल."

कार्तिक वद्य षष्ठी, इगतपुरीच्या वाटेवर

निघण्यापूर्वी मी परस मोजून घेतले. आमच्या घरामागे पूर्वी गाय बांधीत असू. आता तेथे तुळस आहे, नळ आहे आणि नदीच्या बाजूला पाच हात उंच भिंत. भिंतीपलीकडे गोदावरी आहे, पण ती आमच्या परसातून दिसत नाही. पावसाळ्यात तिचा आवाज तेवढा येतो. यज्ञकुंड मोजावे तसे मी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपल्या हाताने मोजले. जागा नऊ हात भरली. सबनीसांनी बारा फूट सांगितले होते, म्हणजे आठ हात. तुळशीच्या लग्नाचे ऊस अजून वृंदावनाला बांधलेले होते, ते मालतीने सोडून ठेवले.

आम्ही बसने निघालो. "मी वहिनींना भेटायला येते," एवढेच तिने कारण सांगितले. बरोबर दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या आणि तिळाची चटणी होती. वडिलांच्या वेळेपासून प्रवासात आमच्या घरी हेच अन्न. पाण्याचा स्पर्श नसल्याने ते सोवळ्यात मोडते आणि दोन दिवस टिकते. शेजारच्या आसनावरच्या एका गृहस्थांनी वेफर्सचे पाकीट पुढे केले. मी नम्रपणे नको म्हणालो. मालतीने दोन घेतले.

पांडवलेण्यांचा डोंगर मागे पडला की पुढे हवा हळूहळू बदलते. नाशकाकडे द्राक्षांचे मांडव, आणि घोटी जवळ येऊ लागली की भाताची खाचरे. भात नुकता कापून झाला होता. खाचरांत खुंट उरले होते आणि बांधांवर पेंढ्याच्या गंज्या घातलेल्या. मालतीचे माहेर याच पट्ट्यातले, घोटीपासून चार मैलांवरचे खेडे. भाऊ गेल्यापासून तिकडे जाणे उरले नाही.

खिडकीतून पाहता पाहता ती म्हणाली, "आमच्या गंजीला शिडी लावलेली असायची. वरून उडी टाकली की पेंढा कमरेपर्यंत गिळायचा. संध्याकाळी अंगभर खाज. आई रागवायची आणि दुसऱ्या दिवशी परत."

मी विचारले, कितव्या वर्षापर्यंत.

"लग्न ठरलं त्या दिवसापर्यंत," ती म्हणाली. "तुमच्याकडची मंडळी बघायला आली, तेव्हा केसांत पेंढा होता. तुमच्या आत्याबाईंना दिसला. त्या काही बोलल्या नाहीत."

मी त्या पाहण्याला हजर होतो. मला फक्त तिने म्हटलेले स्तोत्र आठवत होते.

सबनीसांकडे त्या दिवशी रात्रीपूर्वीच जेवणे झाली. नव्या तांदळाचा भात थोडा चिकट होतो. नाशकात आम्ही जुना तांदूळ पसंत करतो, परंतु त्या भाताला जो गंध होता त्याने मी दोनदा मागून घेतला. चातुर्मास संपला असल्याने वांगी पुन्हा ताटात आली होती. वहिनींचे भरीत दगडी खलातले, वरून कच्च्या तेलाची धार. सबनीस घर सोडून जाण्याविषयी फारसे बोलले नाहीत. भांडी कोणाला, पुस्तके कोणाला, हे सांगत राहिले. दानाच्या याद्यांत गाय, भूमी, तीळ आणि सुवर्ण आहे, ही वस्तू कोठे बसवावी, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "दान म्हणू नका, शास्त्रीजी. माझं ओझं उचलता आहात."

कार्तिक वद्य सप्तमी, इगतपुरी ते पंचवटी

सकाळी धुके इतके होते की बंगल्याच्या दारातून फाटक दिसेना. नऊच्या सुमारास त्यातून एक छोटा हत्ती टेम्पो हॉर्न वाजवीत बाहेर आला. चालक संपत हा वाडिवऱ्हे भागातला शेतकरी. पंचवटीच्या बाजारातून इगतपुरीच्या हॉटेलांना भाजी पोचवतो आणि परतताना गाडी रिकामी असते. त्याने ट्रॅम्पोलिनभोवती एक फेरी मारली, कड्याला लाथ मारून पाहिली आणि विचारले, "गुरुजी, हे नेमकं काय हाय?" मी सांगितले. "नातवंडांसाठी?" मी पुन्हा हो म्हणालो. मालती त्या वेळी जाळीची गाठ सोडण्यात गुंतली होती, निदान तसे दिसत होते.

कडे सहा तुकड्यांचे होते. परत जोडताना घोटाळा होऊ नये म्हणून मी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना गंधाच्या रेघा ओढल्या. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, अशा सहापर्यंत. सबनीस म्हणाले, "आमच्या वर्कशॉपात तुमच्यासारखा एक माणूस असता, तर माझे केस इतक्या लवकर गेले नसते." हे ऐकून मला जो आनंद झाला तो पुढे मला भोवला, म्हणून येथे नोंदवतो.

एवढ्यात माध्यान्हीची वेळ झाली. मी विहिरीवर स्नान करून संध्येला बसलो. परत आलो तेव्हा स्प्रिंगा काढून संपल्या होत्या. सबनीस आणि संपत या दोघांनी मिळून लोखंडी आकड्याने त्या सोडवल्या होत्या. मालती ओट्याच्या पायरीवर बसून पाहत होती. सगळ्या स्प्रिंगा भाजीच्या क्रेटमध्ये, खाली कोथिंबिरीचे देठ. मी जपमाळेवर मोजल्या. बहात्तर भरल्या.

कडे उचलल्यावर गवतावर पिवळे वर्तुळ उरले. सबनीस त्याच्या कडेला उभे राहिले. वहिनींनी मालतीच्या हातात नव्या तांदळाची पिशवी दिली आणि दोघी एकमेकींचे हात धरून काही बोलल्या, ते मला ऐकू आले नाही. सबनीस मला म्हणाले, "फोटो पाठवा. नातू उडी मारतो तेव्हाचा." या वेळी माझ्याने हो म्हणवले नाही. मी नमस्कार केला.

संपतच्या शेजारी आम्ही दोघे दाटीवाटीने बसलो. विल्होळीच्या अलीकडे एक मोटारसायकलस्वार ओरडत आमच्या बरोबरीने येऊ लागला. मागे वळून पाहिले तर जाळीची एक बाजू सुटून गाडीमागे लांबलचक पताकेसारखी उडत होती. गाडी थांबवून आम्ही ती गोळा केली. मालती म्हणाली, ती पायाखाली घेऊ, म्हणजे उडणार नाही. आणि पुढचा सारा रस्ता तिने पाय त्या गाठोड्यावर ठेवून केला.

संपत गप्पिष्ट होता. कांद्याची रोपे, मुलीची दहावी, नवी विहीर असे सांगता सांगता त्याने विचारले, "आजी, नातू केवढा हाय?"

"एकवीस," मालती म्हणाली.

संपतने रस्त्यावरची नजर क्षणभर माझ्याकडे वळवली. "मंग लय जपून उडाया सांगा त्याला," तो म्हणाला आणि पुढे नाशिक येईपर्यंत कांद्याच्याच गोष्टी बोलला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. मालतीही बाहेर पाहत होती, परंतु तिच्या खांद्याच्या हालण्यावरून ती हसत असावी, असे मला वाटले.

आमच्या गल्लीत चारचाकी शिरत नाही. नळ्या, कापड आणि क्रेट हातगाडीवर चढवून आणावे लागले. नळ्या पाहून गल्लीतल्या तिघांनी विचारले, गुरुजी, मांडव कोणाकडे? मी म्हणालो, आमच्याकडेच. कार्य कसले, असे मात्र कोणी विचारले नाही, आणि त्याबद्दल मी मनात देवाचे आभार मानले. उद्या बाजार झाला की येऊन जातो, असे सांगून संपत गेला.

कार्तिक वद्य अष्टमी, पंचवटी

सकाळची पूजा आटोपून मी शेजारच्या दामूअण्णांना बोलावले. ते तीर्थोपाध्याय, रोज घाटावर यात्रेकरूंचे विधी करतात, वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत आणि शास्त्रार्थात मला कधी सोडत नाहीत. गंधाच्या रेघा जशाच्या तशा होत्या. कडे पाऊण तासात उभे राहिले. तुळशीपासून अर्धा हात, भिंतीपासूनही तेवढेच अंतर. दामूअण्णा म्हणाले, "रेघांची युक्ती चांगली." दोन दिवसांत ही दुसरी स्तुती.

मग स्प्रिंगा. सुरुवात कोठून करावी, यावर आमचे दुमत नव्हते: पूर्वेकडून. पुढे कोणत्या दिशेने जावे, यावरही नव्हते. देवाला उजवी घालून जसे फिरतो तसे, पूर्वेकडून आग्नेयेकडे, मग दक्षिणेकडे, एकामागून एक. दामूअण्णांनी एकदा उलट बाजूची स्प्रिंग आधी उचलली, तेव्हा मी त्यांना थांबवले. ते पितृकार्यातले, म्हणालो, येथे नको. त्यांनी ते मान्य केले. मी आकड्याने ओढीत होतो, ते कापडाची कडी धरीत होते. मालती स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसली होती.

तीसपर्यंत काम सुरळीत झाले. पुढे कापड आमच्या बाजूला सरकू लागले. पन्नासाव्या स्प्रिंगेला दामूअण्णांना पाय कड्याला टेकवावा लागला. चोपन्नावी बसेना. कडी आणि कडे यांच्यात वीतभर अंतर, आणि आम्हा दोघांचे बळ मिळून ते चार बोटेसुद्धा कमी होईना. दामूअण्णांचे म्हणणे, सबनीसांनी दुसरेच कापड दिले. हे आकाराने लहान आहे. माझे म्हणणे, इतका सज्जन माणूस असे करणार नाही. इगतपुरीच्या दमट हवेतून येथे आल्याने कापड आटले असावे. या विषयावर आम्ही बराच वेळ बोललो. माझ्या हाताची कातडी सोलली होती आणि आता हे जन्मभर असेच अर्धे ताणलेले परसात उभे राहणार, असे मला दिसू लागले. गेल्या वर्षी मी तिला एका वाक्यात थांबवले होते. या वर्षी ती वस्तू तिच्या दारात आणून ठेवून पुन्हा थांबवणार होतो.

इतक्यात संपत आला, हातात कोथिंबिरीची जुडी. त्याने कापडाकडे पाहिले आणि जुडी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली.

"गुरुजी, आसं लायनीनं कुठं बसतं व्हय? काल आम्ही समोरासमोरच्या सोडल्या. एक इकडली, एक तिकडली. साहेबांनीच सांगितलं ना." मग तो दाराकडे वळला. "आजी, तुम्ही तर सगळं पाहिलंय."

मी मालतीकडे पाहिले. तिने सूप खाली ठेवले.

"अगं, तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दहा स्प्रिंगांतच दिसलं," ती म्हणाली. "गोधडी घालताना आधी चार कोपरे टाचतात, मग मधलं. एका कडेनं निघालं की शेवटी झोळ येतो."

"मग बोलली का नाहीस?"

दामूअण्णा आकडा हातात धरून उभे होते. मग ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "गेल्या वर्षी एकदा बोलले होते."

संपतला काही कळले नसावे, दामूअण्णांनाही नाही. मला जे बोलायचे होते ते मी अधिक शांत वेळेसाठी, बहुधा तुळशीजवळ दिवा लावताना, राखून ठेवले होते. तेव्हा तेथे कोणी नसते. आणि कोणी नसते म्हणूनच ते प्रायश्चित्त ठरले नसते, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसले.

मी दामूअण्णांना आणि संपतला सांगितले की हे नातवासाठी नाही. तसे मी सर्वांना सांगितले ते असत्य होते. मुंजीच्या दिवशी हिने मला काय विचारले आणि मी पंचवीस माणसांसमोर काय उत्तर दिले, तेही सांगितले. मग तिच्याकडे वळून म्हणालो, "हे तुझ्यासाठी आणलं आहे. तेव्हा मी चुकलो. आता हे कसं जोडायचं ते तू सांग."

दामूअण्णा जमिनीकडे पाहू लागले. संपत म्हणाला, "आरं तिच्या," आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

मालती उठली, पदर खोचला आणि जवळ आली. "आधी या सगळ्या काढा," ती म्हणाली. "पूर्वेची तेवढी राहू द्या."

त्रेपन्नांपैकी बावन्न आम्ही काढल्या. मग ती बोट दाखवील तेथे संपत आणि मी स्प्रिंग लावीत गेलो. पूर्व, मग पश्चिम. दक्षिण, मग उत्तर. नंतर चार उपदिशा, मग त्यांच्या मधल्या. माझ्या ध्यानात आले की नवग्रहांच्या मंडलात मी पन्नास वर्षे असाच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जात आलो आहे: शुक्र पूर्वेला ठेवला की पुढचा शनी थेट पश्चिमेला. तेथे मी कधी ओळीने गेलो नाही. दामूअण्णांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "हे तुला दोन तासांपूर्वी सुचलं असतं, तर माझी कंबर वाचली असती." कापड चारी बाजूंनी सारखे ताणले गेले. बहात्तरावी स्प्रिंग मालतीने स्वतः ओढली आणि ती एका झटक्यात बसली.

जाळी लावून झाली. शिडी लावली. आत जाऊन ती कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि घरात नवी वस्तू आली की लावतो तसे कड्याला हळदकुंकू लावले. मग थांबली.

"लोक हसतील," ती माझ्याकडे पाहून म्हणाली.

"हसू देत," मी म्हणालो. "दामूअण्णा येथेच आहेत. आधी त्यांनी हसावे."

दामूअण्णा हसले नाहीत. त्यांनी शिडी धरली. संपतने जाळी पडद्यासारखी बाजूला केली. तिने चपला काढून एकमेकींना लावून ठेवल्या, निऱ्या वर खोचल्या आणि तीन पायऱ्या चढून आत गेली. मधोमध जाऊन उभी राहिली. कापड तिच्या पायांखाली थोडे दबले. पहिल्यांदा ती केवळ गुडघ्यात वाकली. मग टाचा उचलल्या. मग दोन्ही पाय सुटले, वीतभरच, आणि परत टेकले. तिने हात पसरून तोल सावरला. तिसऱ्या, चौथ्या उडीला ती हातभर वर गेली.

"अहो," वरून आवाज आला, "नदी दिसते."

ती खाली आली, पुन्हा वर गेली.

"घाटावर लुगडी वाळत घातलीत. लाल दोन, एक हिरवं."

पुन्हा वर.

"पाणी बरंच आहे. कोणीतरी सूर्याला अर्घ्य देतंय, आत्ता, इतक्या उशिरा. आणि पलीकडे, थांबा," आणि ती थांबणे शक्य नसल्याने खाली येऊन पुन्हा वर गेली, "पलीकडे देवळाचा कळस. ऊन पडलंय त्याच्यावर."

त्या परसात मी जन्मलो. भिंतीपलीकडे काय आहे हे मला ठाऊक होते, परंतु या जागेवरून ते कसे दिसते, हे मला सांगणारे आजवर कोणी गेले नव्हते. मी खाली उभा राहून ऐकत होतो आणि ती जाऊन येऊन सांगत होती.